मामाचा फोन

अनोळखी माणसाशी बोलू नका, हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं तो आमच्या गावात एक दिवसही राहिलेला नसणार. तेलंगणात तलमडुगु मंडलातल्या ज्या गावच्या मराठी शाळेत मी लहान पोरांना शिकवते, त्या गावात अनोळखी माणूस ही चीजच नाही. खत विकायला आलेला काका असतो, कापसाच्या गाडीवरचा ड्रायव्हर मामा असतो, आणि आधार कार्डाचं काम करायला आलेल्या तेलुगू पोरालाही आमच्या बायका ‘भाऊ, चहा घेता का’ म्हणून ओट्यावर बसवून घेतात. नातं लावल्याशिवाय माणसाशी बोलायचं कसं, हेच इथे कुणाला ठाऊक नाही. मीही याच भागातली आहे, माझ्याही तोंडात तेच येतं.

आदिलाबादला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. मोबाइलवर सुरक्षित कसं राहायचं ते लहान मुलांना शिकवा, असा विषय. शिकवणारी बाई भली होती, अर्धं तेलुगूत अर्धं हिंदीत बोलायची. तिच्या तक्त्यावरचं मूल मात्र स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलाशी, स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसलेलं होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना स्वतःची चादरही नाही. घरात मोबाइल एक. तो दिवसभर बापाच्या खिशात, आणि संध्याकाळी बाप हातपाय धुऊन टेकला, आई चुलीपुढे बसली, की पोरांच्या हातात. तक्ता मी गुंडाळून कपाटावर टाकला.

पण त्या बाईंचं एक म्हणणं मला मनापासून पटलं होतं. पोरांना नुसती भीती घालू नका, भरवशाचं मोठं माणूस दाखवून द्या. पोरानं येऊन सांगितलं की मोठ्यानं रागवायचं नाही, आधी शाबासकी द्यायची. मग मी माझ्या पद्धतीनं शिकवायला घेतलं. डस्टर कानाला लावायची आणि आवाज जाड करून म्हणायची, “हॅलो, मी तुझा मामा बोलून राह्यलो.” पहिल्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “मामा, कवा येता?” मी कपाळाला हात लावला. पोरं हसून हसून लोळली.

हळूहळू जमलं. फोनवर मामा म्हणणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचे, आणि जो म्हणेल ‘आईले सांगू नको’, त्याचं सगळ्यात आधी घरी नाहीतर शाळेत सांगायचं. पाढ्यासारखं म्हणून घेतलं मी हे त्यांच्याकडून.

या खेळात एक पोरगी फार तरबेज होती. चौथीतली, वांगी आणि मेथी पिकवणाऱ्या घरची. बाप इचोड्याला रस्त्याकडेला भाजी घेऊन बसायचा. मी डस्टर कानाला लावलं की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि वकिलासारखी उलटतपासणी घ्यायची. “मामा हाय ना? मंग आजीच्या गाईचं शिंग कसं मोडलं ते सांगा.” मी गडबडले की वर्गाकडे वळून म्हणायची, “खोटा हाय हा मामा, ठेवा फोन.” मराठी वाचायची तशीच तेलुगूही वाचायची. पाचवीपासून तिला सरकारी गुरुकुलात घालायचं, तिथे वसतिगृहात राहून पोरगी शिकेल, असं मी तिच्या आईच्या गळी उतरवलं होतं आणि शाळा सुटल्यावर तिची प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेत होते. इतक्या वर्षांत एखाद्याच पोरीसाठी असा जीव टाकावासा वाटतो, तशी ती होती.

एक दिवस मधल्या सुट्टीत सगळी पोरं हापशावर ताटं धूत होती, तेव्हा ती ओलं ताट छातीशी धरून माझ्याजवळ आली. म्हणाली, “मॅडम, सांगायचं हाय.”

तिच्या घरच्या मोबाइलवर एका मामाचा फोन येत होता. आई त्याच्याशी बोलायची, मग हिच्या हातात द्यायची. वाढदिवसाला त्यानं शुभेच्छा पाठवल्या, मग रोज काही ना काही पाठवू लागला. आता तो फोटो मागत होता. नवा फ्रॉक घालून, दार लावून घेऊन काढ म्हणत होता. आणि खाली लिहिलं होतं, आईले सांगू नको, मामा-भाचीची गंमत.

“पाठवला का फोटो?” मी विचारलं.

“नाही. मी त्याले गाईचं शिंग इचारलं त तो नुसता हासला.” मग खाली बघत म्हणाली, “पन आई म्हनते मामाच होय तो.”

मी तिला पोटाशी धरलं, ओल्या ताटासकट. शाबास म्हणाले, तुझी काही चूक नाही म्हणाले. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला अभिमान वाटला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून जे शिकवलं, ते एका पोरीच्या तरी आत मुरलं होतं.

शाळा सुटल्यावर तिचा हात धरून मी तिच्या घरी गेले. आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सांगत गेले तशी तिची बोटं थांबली. तिचं माहेर पैनगंगेपलीकडचं, महाराष्ट्रातलं. चुलत, मावस, गावकीचे असे भाऊ कितीतरी. तो माणूस पहिल्यांदा म्हणाला होता, “ताई, वळखलं नाही का?” आणि हिला वाटलं, नाही म्हणावं कसं?

“नाही वळखलं म्हनलं असतं त माहेरचे म्हनले असते, सासरी जाऊन माजली,” ती म्हणाली. “म्हनून मी म्हनलं, हो दादा, वळखलं. आन पोट्टीले म्हनलं, बोल मामाशी.”

मी त्या बाईला कसा दोष देऊ? लग्नाचा अल्बम बघताना, तेराव्याच्या पंगतीत, बसमध्ये, आम्ही सगळ्याच जणी न ओळखलेल्यांना ओळखल्यासारखं करतो. त्या माणसाला हे ठाऊक असणार. पोरीच्या वाढदिवसाचा फोटो बापानं नाव-गावासकट सगळ्या भाजीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता, नंबर तिथूनच गेला असेल. आईनं पोरीला जवळ ओढलं आणि रडली. तिथपर्यंत सगळं प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे चाललं होतं.

मग बाप आला. तो दारू पिणारा नाही, आरडाओरडा करणारा नाही. त्यानं आधी मला चहा विचारला. मग उभ्या उभ्याच मोबाइल हातात घेऊन खालपासून वरपर्यंत सगळं वाचलं, आणि पुसायला लागला.

“पुसू नका,” मी उठलेच. “त्याला पकडायचा तर हाच पुरावा आहे.”

“पुरावा कोनाले दाखवता, मॅडम?” त्याचा आवाज चढला नाही. “आज साहेबाले दाखवान, उद्या गावाले माहीत होईन. पोट्टीचं नाव खराब झालं त कोन करून घेन तिले?”

दहा वर्षांची पोरगी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी आता त्याला काहीतरी असं सांगेन की तो थांबेल, असं तिला वाटलं असावं. मी खूप सांगितलंही. त्यानं नंबर पुसला, सिम काढून चुलीत टाकलं आणि म्हणाला, “झालं. मिटलं.”

मी मिटू दिलं नाही. लहान मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. तिकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं, माणसं पाठवली. ती माणसं घरी गेली तेव्हा बाप हात जोडून म्हणाला, असं काही झालंच नाही, मॅडमचा गैरसमज झाला. आईनं हो म्हणून मान डोलावली. पोरगी त्यांच्यामध्ये उभी होती. तिला विचारलं तेव्हा तिनंही, काही झालं नाही, अशी मान हलवली. नंबर नाही, मजकूर नाही, सांगणारं कुणी नाही. माणसं आली तशी गेली. हेडमास्तर मला समजावत म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. जाऊ द्या.” मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोरचा चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी पुन्हा गेले. बाप भाजी भरत होता. मी म्हणाले, “हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं.” तो म्हणाला, “फाशी कायची, मॅडम? घरी ठेवून राह्यलो लेकराले. शाळेत जाऊन ह्येच शिकली ना, घरची गोष्ट बाहेर सांगाले?” गुरुकुलाचं विचारलं तर मायलेकी दोघी आत निघून गेल्या. परीक्षा आली आणि झाली. तिच्यासाठी आणून ठेवलेलं सरावाचं पुस्तक मी दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते, पण दिलं नाही. तो ‘मामा’ अजून कुठेतरी कुणाच्या तरी ताईला ओळख विचारत असेल, हे डोक्यात आलं की माझ्या हातातला खडू मोडायचा.

काही दिवसांनी मी वर्गात पुन्हा डस्टर कानाला लावलं. “हॅलो, मी तुझा मामा बोलून राह्यलो.” कुणी हसलं नाही. “असा फोन आला तर कोणाला सांगाल?” मी विचारलं. सगळी पोरं पाटीकडे बघत राहिली. गावात काय झालं ते त्यांना माहीत होतं, पोरांपासून काही लपत नाही. सांगणारीचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. मी डस्टर ठेवलं आणि भागाकाराचं गणित घातलं.

तरीही मी तो धडा दर वर्षी घेते. दुसरं काय शिकवू? गप्प बसा, असं शिकवू? पोरं पाठ करतात, घोकून दाखवतात. त्यातल्या एकानंही अजून येऊन काही सांगितलेलं नाही. कुणाला काही सांगण्यासारखं झालं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालते, आणि ती मला पटत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी इचोड्याला गेले होते. हमरस्त्यावरून नागपूरकडचे ट्रक धूळ उडवत चालले होते. वांग्यांच्या ढिगामागे ती दिसली. उंच झाली होती, ओढणी घेतली होती. बाप टेम्पोतून पोती उतरवायला गेला होता. गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवरच पैसे देतं, त्यामुळे दुकानाचा मोबाइल तिच्याच मांडीवर होता. मला बघून ती गोड हसली, “मॅडम, चांगली वांगी देतो,” म्हणाली, आणि एक एक वांगं निरखून तराजूत घालू लागली. काही वाचतेस का, विचारलं, तर तिनं नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पैसे आल्याचा आवाज तो नव्हे. तिनं पटकन पाहिलं, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मोबाइल पालथा करून गुडघ्याखाली दाबून ठेवला.

“कोन हाय गं?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“कोनी नाही, मॅडम. कंपनीचा मेसेज हाय.”

मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. मागे गिऱ्हाइकं उभी होती, तरी बसले. “काही असेल तर मला सांगशील ना?”

ती माझ्यावर चिडली नाही. मी विचारल्याचं तिला अजिबात वाईट वाटलं नाही, हे मला स्पष्ट दिसलं. तिनं पिशवीत वरून चार मिरच्या टाकल्या, गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, “मागं सांगतलं होतं ना, मॅडम.”

मग ती माझ्या मागच्या बाईला म्हणाली, “या काकू, काय देऊ?”