अक्काचा डंक आणि माझा कोरा बोर्ड

धंद्याची जाहिरात कशी करावी हे लोकांना शिकवणं हाच माझा धंदा आहे. पुण्यात एका जाहिरात कंपनीत नऊ वर्षं काढली. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा मीही कमी झालो आणि पलूसजवळच्या आमच्या गावी येऊन माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. दूधडेअरीचा लोगो, ब्युटी पार्लरचं कार्ड, रोपवाटिकेचं पेज, जे येईल ते करतो. रविवारी सकाळी लहान धंदेवाल्यांना ऑनलाइन सल्ले देतो. बोर्ड वाचायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर गिऱ्हाईक पुढं गेलं म्हणून समजा, हे मी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. लोक पडद्यावर माना डोलवतात. त्या डोलणाऱ्या मानांमुळं आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा समज झाला होता, आणि त्या समजाची किंमत माझ्या थोरल्या बहिणीनं मोजली.

अक्का नवऱ्याचं घर सोडून आली ती संक्रांतीनंतर. सासर कोयनानगरच्या वरच्या अंगाला. घाट उतरून ती एकटीच एसटीनं आली, तेव्हा तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. ते मोडण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी न्हाणीत घसरले म्हणाली होती आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं होतं. या वेळी तिनं काहीच सांगितलं नाही. चार दिवसांनी एवढंच म्हणाली, की पाटल्या मोडून डंक घेते आणि इथंच राहते.

डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खाली चटणी कुटली जाते. आमच्याकडं चटणी दुकानातून आणायची चाल नाही. उन्हाळा लागला की घरोघरी मिरची वाळते, देठं खुडली जातात, मसाला भाजला जातो, आणि मग बायका पाट्या घेऊन डंकावर जाऊन बसतात. आपली चटणी आपल्या डोळ्यांदेखत कांडून घ्यायची, हा नियम. हे सगळं होळीच्या आगेमागे सुरू होऊन वळवाच्या पावसापर्यंत चालतं. वर्षभराची कमाई त्या तीन महिन्यांत. आमच्या गावात डंक नव्हता. अक्कानं हेरलं होतं ते बरोबर होतं.

आमचे वडील, आण्णा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शब्द दिला की दिला. त्यांनी अक्काच्या थोरल्या दिराला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं, "हा एक उन्हाळा तिला बघू दे. पायावर उभी राहिली तर हितंच राहील. न्हाई राहिली तर मी सोता आणून सोडतो." त्यांनी फोन ठेवला. अक्का आत जाऊन डाव्या हातानं भाकरी थापायला बसली.

एसटी स्टँडसमोरचा गाळा मिळाला, यंत्र आलं, लाइट जोडली. राहिला बोर्ड आणि उद्घाटनाचा फ्लेक्स. ते काम अर्थातच माझं.

आता आमच्याकडच्या फ्लेक्सबद्दल सांगायला हवं. सलूनचं उद्घाटन असो नाहीतर म्हशीच्या गोठ्याचं, फ्लेक्सवर मधे मालक आणि भोवती माणसंच माणसं. भावकी, चेअरमन, माजी सरपंच, मित्रमंडळ, गॉगल लावलेले शुभेच्छुक. दुकान कशाचं आहे ते तळाला एका ओळीत. हे फ्लेक्स बघून माझं डोकं फिरायचं. रविवारच्या वर्गात मी त्यांची टिंगल करायचो, लोकही हसायचे.

शिवाय गावात दोन पार्ट्या. एक आमच्या चुलत्याची, तात्यांची. ते सोसायटीचे चेअरमन. दुसरी रिटायर सुभेदारांची, त्यांनी मागच्या खेपेला तात्यांचं पॅनेल जवळजवळ पाडलं होतं. तात्यांची वरची आळी, सुभेदारांची खालची. माझा हिशोब सरळ होता. तात्यांचा फोटो लावला तर खालच्या आळीची मिरची येणार नाही, सुभेदारांचा लावला तर वरच्या आळीची. म्हणून कुणाचाच नको. पांढरा बोर्ड, त्यावर एक लालभडक मिरची, खाली 'कांडप' हा एकच शब्द. सगळं गाव गिऱ्हाईक.

अक्का बोर्डाकडं बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तात्याला निदान इचारून तर ये. लय कोरं वाटतंय रं हे." मी तिला ब्रँड म्हणजे काय ते समजावलं. अर्धा तास समजावलं. तिनं मान डोलवली.

उद्घाटनाला मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, पेढे आणले. आली ती आमची मामी, गाळ्याचा मालक आणि शेजारचा पंक्चरवाला. त्यानं दोन पेढे खाल्ले आणि बोर्ड झ्याक आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. होळी झाली, अंगणा-अंगणात मिरच्या वाळायला पडल्या, सगळ्या गावाला ठसका लागला, आणि आमच्या डंकावर एक पाटी आली नाही. बायका टेंपो करून मिरची दुसऱ्या गावाला न्यायला लागल्या. टेंपो आमच्या गाळ्यासमोरूनच जायचा. अक्का दारात उभी राहून बघायची, आणि आतल्या बायका दुसरीकडं बघायच्या.

शेवटी आमच्याकडं दूध घालणाऱ्या काकूंनी मला उलगडून सांगितलं. "वरच्या आळीत म्हणत्यात, सख्ख्या चुलत्याचा फोटू न्हाई म्हंजे मशीन सुभेदाराचंच. पोरगी फितली. आन् खालच्या आळीत म्हणत्यात, पुतणीच हाय तात्याची, म्हणून त्यानं फोटू लपीवलाय. आता तूच सांग बाबा, आमी कुणाकडं जायाचं?" एवढं बोलून त्यांनी किटली उचलली.

मी तिथंच पायरीवर बसलो. कोणाचाच फोटो नसला की डंक सगळ्यांचा होतो असं मी धरलं होतं. इथं कोणाचा फोटो नसला की तो समोरच्याचा होतो. याच गावात जन्मलो, वाढलो, आणि हे मला दूध घालणाऱ्या बाईकडून कळलं.

मग मी ते केलं जे चूक कळलेला दीडशहाणा करतो, म्हणजे आणखी मोठी चूक. नवा फ्लेक्स छापला. डावीकडं तात्या, उजवीकडं सुभेदार, दोघांचे फोटो पट्टीनं मोजून एका मापाचे, केसाचाही फरक नाही. त्याचाच मला अभिमान. दुपारपर्यंत वरच्या आळीतून निरोप आला, की आमचा तात्या आणि तो एका मापात कसे. संध्याकाळी सुभेदारांचा पुतण्या विचारून गेला, की साहेब उजवीकडं का, पहिला मान डावीकडं असतो. सकाळी जाऊन बघतो तर दोन्ही चेहरे ब्लेडनं कापून नेलेले. फ्लेक्सला दोन गोल भोकं आणि मधे माझी लाल मिरची. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी फ्लेक्स उतरवला. अक्कानं तो झाडून, घडी घालून ठेवला. कशाला तरी उपयोगी पडेल म्हणाली.

एप्रिल निम्मा झाला. मला आता रात्री झोप लागेना. अक्काच्या डंकाच्या चालू मुसळांचा व्हिडिओ करून टाकला, तो हजारो लोकांनी बघितला. नागपूरहून, दुबईहून लोकांनी खाली लाल बदाम टाकले. आमच्या गावातल्याही पोरांनी बघितला असणार, पण त्यांच्या आया मिरची घेऊन टेंपोतच बसत होत्या. दोन किलो कांडलं की एक किलो फुकट, असं मी जाहीर केलं. ते ऐकून लोकांची खात्रीच पटली, की यामागं इलेक्शनला उभा राहणारा कुणीतरी आहे.

मग लाज सोडली. तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आधी इचारलं आसतंस तर मीच नारळ फोडला आसता रं. आता मी सांगितलं तर मानसं म्हणतील, तात्या नमला." सुभेदारांकडं गेलो. त्यांनी मला उन्हात उभं ठेवलं नाही, खुर्ची दिली, आणि आम्ही बायकांच्या धंद्यात पडत नाही असं शुद्ध मराठीत सांगितलं. त्यानंतर मी दारोदार फिरलो. प्रत्येक घरात पाणी मिळालं, सरबत मिळालं, कुठं कुठं जेवायचा आग्रह झाला. मिरची कुणी दिली नाही.

या सगळ्यात अक्का रोज सकाळी गाळा उघडायची. यंत्र पुसायची, मुसळांना तेल द्यायची, उदबत्ती लावायची आणि स्टुलावर बसायची. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच राहिलं. एकदा दुपारी मी डबा घेऊन गेलो तर ती डंक चालू करून बसली होती. आमच्याच घरची दोन किलो मिरची ती थोडी थोडी टाकून कांडत होती, बाहेर आवाज जावा म्हणून. मला बघून तिनं बटण बंद केलं. मला तिथं रडू आलं आणि मी ते मिरचीच्या नावावर खपवलं.

मे संपत आला आणि आकाश भरून यायला लागलं. अंगणातल्या मिरच्या आत गेल्या. एका संध्याकाळी अक्काच्या थोरल्या दिराचा फोन आला, आणि आण्णा फक्त 'व्हय, व्हय' करत राहिले. मी त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. तिचा हात बघा म्हणालो. चूक माझी आहे, तिची नाही, अजून एक उन्हाळा द्या म्हणालो. आण्णा कॉटवर ताठ बसून होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी बघितलं, आणि तरी ते म्हणाले, "शब्द दिलाय." पलूसला खोली घेऊन देतो, तिथं राहा, मी बघतो, असं मी अक्काला म्हटलं. ती म्हणाली की तुझंच तुला पुरंना, त्यात मी कुठं. ते खरं होतं, म्हणून मला अजूनच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला डंक विकायची जाहिरात करायला सांगितली. मी डिझाइन वगैरे काही केलं नाही. मोबाइलवर यंत्राचा एक फोटो काढला, वर 'डंक विकणे आहे' असं लिहिलं, खाली अक्काचा नंबर टाकला आणि तालुक्यातल्या चार-पाच ग्रुपवर सोडून दिलं. पाच मिनिटांचं काम. चहा संपायच्या आत पहिला फोन आला.

दिवसभर फोन थांबला नाही. तात्यांच्या माणसाचा आला, सुभेदारांनी विचारलं का हे त्याला आधी जाणून घ्यायचं होतं. खालच्या आळीतून आला, त्यांना तात्यांबद्दल तेच जाणून घ्यायचं होतं. अक्का दोघांनाही बघून सांगते म्हणाली. मग कडेगावकडच्या एका माणसाचा आला. त्याला खरंच यंत्र पाहिजे होतं, त्याची बायको चालवणार होती. तो एकेक गोष्ट विचारत गेला. अक्का स्टुलावर बसली आणि सांगायला लागली.

ती सांगत होती, की याची मुसळं सावकाश पडत्यात, त्यानं मिरची तापत न्हाई, तापली की रंगबी जातो आन् वासबी. ब्याडगी आधी घालायची, तिखट मिरची मागनं. कांदा-लसूण अगदी शेवटाला, न्हाईतर गोळा धरतो. खोबरं भाजताना घाई केली तर चटणी श्रावणापातूर खवट होती, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. भरवशाची चटणी कशी ओळखायची, बोटांत धरून कशी बघायची, सगळं. ती हातवारे करून बोलत होती, समोर माणूस असल्यासारखी. मी दारात उभा राहून ऐकत होतो. फोटो, माप, रंग, व्हिडिओ, मी सगळं केलं होतं. तुझ्या डंकात काय चांगलं आहे असं मात्र तिला तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. रविवारच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत मी परक्या लोकांना हेच विचारतो.

त्या माणसानं बाईमाणसाला एकटीला जमेल का असं विचारलं. अक्का म्हणाली, "जमतंय की. माझा येक हात अधू हाय, तरी मी चालीवलंय."

पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, मला दारातही ऐकू आलं. एवढं चांगलं यंत्र आहे तर विकताय कशाला, असं तो विचारत होता.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. 

"मला घरी जायाचं हाय," ती म्हणाली.