भाऊंनी खुर्ची सोडली तेव्हा

आमच्या कंपनीच्या तिकीट बुकिंगच्या नंबरवर फोन केला की पलीकडून खुद्द चीफ एक्झिक्युटिव्हचा आवाज यायचा, "बोला, भाऊ बोलतोय." क्रॉयडनच्या कुणा आजींना हॉलमध्ये लिफ्ट आहे का ते विचारायचं असे, कुणाला गुडघा लांब करता येईल अशी कडेची सीट हवी असे. भाऊ सगळं ऐकून घेत आणि वर ट्रॅम कुठे सोडायची, ट्रेन कुठली धरायची तेही सांगत. "नाटक हॉलमध्ये नाही, घरातून निघतानाच सुरू होतं," असं त्यांचं म्हणणं.

भारतातली नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम ब्रिटनभर नेणारी ही कंपनी त्यांनी लंडनमधल्या वेम्बलीत, एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत सुरू केली होती. मी पुण्याहून येऊन तिथे नोकरीला लागले तोवर ऑफिस मोठं झालं होतं, पण भाऊ अजून त्या खोलीतच असल्यासारखे वागत. हॉलवरचे इंग्रज तंत्रज्ञ त्यांना 'मिस्टर बाऊ' म्हणत. ते भाऊंचं आडनाव आहे अशी त्यांची समजूत होती आणि भाऊंनी ती कधी मोडली नाही.

एकदा लेस्टरला ऐन कार्यक्रमाच्या दुपारी गायिकेचा घसा बसला. मी घाईघाईने 'तांत्रिक कारणामुळे' अशी घोषणा लिहिली. भाऊंनी ती वाचून मला परत दिली. "कारणं बँकेला द्यायची, वृषाली. प्रेक्षकाला खरं सांगायचं." ते स्वतः स्टेजवर गेले. "बाईंचा घसा बसलाय. त्या हळू आवाजात थोडं बोलतील, गाणी मात्र तुम्हाला म्हणावी लागतील. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल पैसे परत घ्यावेत." मोजकी माणसं उठली. बाकीच्यांनी त्या संध्याकाळी बाईंची सगळी गाणी बाईंनाच म्हणून दाखवली. बाई रडत होत्या आणि विंगेत भाऊ रुमाल शोधत होते.

माझ्यावर त्यांचे उपकार मोठे आहेत. आई पुण्यात आयसीयूमध्ये गेली तेव्हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दौरा चार दिवसांवर आला होता. माझा व्हिसाही तेव्हा कंपनीच्याच भरवशावर होता, त्यामुळे रजा कशी मागावी हे मला सुचेना. भाऊंनीच मला बोलावलं. "दौरा दर वर्षी असतो. आई एकच असते. नीघ." मी पुण्यात होते तोवर ते रोज फोन करत. दौऱ्याबद्दल एक शब्द नाही, फक्त "आज जेवल्या का?" आई बरी झाली. तिच्याशी बोलताना आजही भाऊंची चौकशी झाल्याशिवाय फोन संपत नाही.

पण सगळीकडे स्वतः हजर असण्याचा हा गुणच पुढे कंपनीला जड जाऊ लागला. भाऊंनी सत्तरी ओलांडली, तरी पोस्टरचा रंगसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. आमच्यातला सगळ्यात हुशार निर्माता निखिल इथल्या तरुणांसाठी नवनवी नाटकं सुचवायचा. भाऊ दरवेळी म्हणत, "अजून वेळ आली नाही." शेवटी निखिल कंटाळून सोडून गेला. संचालकांमध्ये कुजबुज सुरू झाली. काहींना वाटे, भाऊंनी आता पायउतार व्हावं. काही म्हणत, कलाकार भाऊंच्या शब्दावर येतात, भाऊ गेले की कंपनी गेली.

भाऊंची मुलगी केतकीही संचालक होती. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, त्यामुळे मराठी जरा मोडकंतोडकं. ती मला म्हणाली, "वृषालीताई, बाबांचा वेळ झाली आता. मी सांगितली तर घरात भांडण होते. तू बोर्डला सांग ना."

बोर्डाच्या मीटिंगला मलाही बोलावलं होतं. तिच्या आदल्या दिवशी भाऊ आणि मी लेस्टरहून लंडनला ट्रेनने परतत होतो. त्यांनी सरळच विचारलं, "उद्या काय बोलणार आहेस?"

"तुम्ही आता थांबावं, असं बोलणार आहे."

त्यांनी चहाचा कागदी कप खाली ठेवला. "का?"

"भाऊ, काल हॉलमध्ये पन्नाशीच्या आतलं कोण होतं? निखिल गेला. त्याच्यासारखे आणखी जातील. तुमच्या होकाराची वाट बघण्यातच आमचं वर्ष संपतं."

"मी ही कंपनी उभी केली तेव्हा तू शाळेत होतीस."

"हो. म्हणूनच ती तुमच्या डोळ्यांदेखत बंद पडलेली मला बघायची नाही."

लंडनला सेंट पँक्रस स्टेशनवर उतरून ते निरोप न घेताच निघून गेले. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण दुसरे भाऊ कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी कुणी तोंड उघडायच्या आत भाऊच उभे राहिले. "माझा विषय मीच मांडतो. या सीझननंतर मी जातोय." एकाने सुचवलं, मानद पद घ्या, केबिन तुमचीच राहू दे. भाऊ हसले. "दार लावायचं तर फटीत पाय ठेवू नये." केतकी रडायला लागली. "अगं, तुलाच हवं होतं ना?" त्यांनी विचारलं. "हो, पण तुम्ही ऐकेल असं वाटला नव्हता!" ती म्हणाली, आणि रडता रडता स्वतःच हसली.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि माझ्यासमोरच फोन लावला. "निखिल, भाऊ बोलतोय. ठेवू नकोस. तुझी नाटकं मी परत पाठवली ते चुकलं. परत ये, आणि आता माझी खुर्ची तू सांभाळ. बोर्डाशी मी बोलतो. मला काही विचारायचं नाही." पलीकडून निखिलने काहीतरी विचारलं असावं. मग भाऊ म्हणाले, "नाही रे, पोस्टरचा रंगसुद्धा नाही."

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकले. "राहू दे, तुझी कंबर दुखते," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, हळूच, "ट्रेनमध्ये बरं केलंस." आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी नवीन काही घेऊन आलं आणि 'अजून वेळ आली नाही' असं ओठावर आलं, की मी ते गिळते. हे मी भाऊंकडूनच शिकले, थोडं त्यांनी योग्य केलं त्यातून आणि थोडं त्यांच्या चुकण्यातून.

निखिलच्या पहिल्या नाटकाला भाऊ स्वतः तिकीट काढून आले. मराठी नाटक, वर पडद्यावर इंग्रजी भाषांतर, आणि हॉल तरुण मुलामुलींनी भरलेला. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत आमचे एक जुने प्रेक्षक त्यांच्याजवळ येऊन कुरकुरले, "पडद्यावर इंग्रजी काय, ही पोरं शिट्ट्या काय मारतात! भाऊ, तुमच्या वेळी असं नव्हतं हो."

"नव्हतं ना," भाऊ म्हणाले, "म्हणून तर थांबलो." आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकले.