उलट्या दोरीची रांग

"बस ना खाली. मांडी नको घालूस, उकिडवी बस. तुझी आई बसते तशी."

हे मला मराठीत ऐकवलं गेलं. जर्मनीत, एका संग्रहालयाच्या चकचकीत दालनात, रविवारी सकाळी अकरा वाजता. ऐकवणारी बाई पुण्याची, नावाजलेली कलावंत. तिच्या मागे भिंतभर तिची कलाकृती. केरसुण्याच केरसुण्या. माझ्यापुढे शिंदीच्या पानांची टोपली. भोवती हातात ग्लास घेतलेले पाहुणे, माझ्या बसण्याची वाट बघत.

मी कार्ल्सरूहेत सॉफ्टवेअर लिहिते. युरोपाबाहेरची आजची कला विकत घ्यायची, संग्रह जगाचा करायचा, म्हणून आमच्या कंपनीनं या संग्रहालयाला पैसा देऊन हाताशी धरलंय. दारापासून संडासापर्यंत कंपनीचा लोगो.

आम्ही मांग. आईनं केरसुण्या बांधून मला शिकवलं. तीन वर्षं ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा कॅन्टीनमध्ये बोलून गेले. कंपनीचा हा कलेचा कार्यक्रम सांभाळणारी आमची सहकारी ऐकून हरखलीच. "आउटेंटिश!" म्हणाली. अस्सल! मला वाटलं, आईबद्दल बोलायला बोलावतायत. मूर्ख मी. जर्मनमध्ये भाषण पाठ केलं, सिल्कची साडी नेसले. तिथं पत्रिका हातात पडली, तर माझ्या नावापुढे छापलेलं: केरसुणी बांधण्याचं प्रात्यक्षिक.

तरी बसलेही असते. पण बसता बसता भिंतीकडे नजर गेली. डावीकडची एक अख्खी रांग. मुठीवरची दोरी उलटी फिरवलेली.

मी उठून भिंतीजवळ गेले.

आई डावखुरी आहे. आमच्या वस्तीत सगळ्यांची दोरी एका अंगानं फिरते, हिची दुसऱ्या. लहानपणी बाजारातल्या ढिगातून आमच्या केरसुण्या मी अशाच वेगळ्या काढायची. खालची माहितीची पट्टी वाचली. शिंदीची पानं, घायपाताची दोरी. बांधणारे अज्ञात.

तिथंच आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन भिंतीपुढे धरला.

"आगं बया! ही तर माझी बांधणी," आई म्हणाली. "त्या बाई आल्या व्हत्या की आपल्या दारात. माझं नाव इचारलं, वहीत लिवून घेतलं. पानी दिलं तर म्हनल्या, बाटली हाय माझ्याकडं." मग एकदम हसली. "तितं लावल्यात व्हय? माझं नाव लावलंय का गं? वाच की."

मी फोन बंद केला. वाचू काय?

"नाव का नाही लावलंत?" मी बाईंना विचारलं.

त्या जरासुद्धा गडबडल्या नाहीत. आवाज खाली आणून समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, नाव लावलं की ती हस्तकला होते. अज्ञात ठेवलं की बघणारा विचार करतो. कळेल तुला हळूहळू."

तेवढ्यात एका पाहुण्याचा बूट खालच्या केरसुणीला लागला. बाई चटकन वाकल्या, केरसुणीला हात लावून तो कपाळाला नेला. पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे ही लक्ष्मी असते. "वुंडरबार," पाहुणा म्हणाला. वा, किती छान!

केरसुणी लक्ष्मी, आणि ती बांधणारीच्या घरचं पाणी यांच्या घशाखाली उतरत नाही! वहीत नाव आहे, भिंतीवर नाही. वर मला शिकवतायत.

आणि माझीच मला किळस आली. ऑफिसात तीन वर्षं मी तरी दुसरं काय केलं? आईला अज्ञातच ठेवलं होतं की!

"मी नाही बसणार," मी म्हणाले.

मग जर्मनमध्ये, दालनभर ऐकू जाईल असं बोलले. पाठ केलेलं भाषण नाही. म्हटलं, ही पट्टी खोटी आहे. ही डावीकडची रांग सोनाबाईनं बांधली. ती माझी आई. तिचं नाव या बाईंच्या वहीत आहे, हवं तर मागून बघा.

कुणी वही मागितली नाही. सहकारीनं माझं कोपर धरलं. "इथं नको, प्लीज. सोमवारी बोलू." मी कोपर सोडवलं.

सोमवारी ती बोललीच नाही, मेल आला. पट्टीवर काय लिहायचं हा कलावंताचा हक्क. माझ्या वागण्यानं पाहुणे अवघडले. यापुढे काळजी घ्यावी. मेल वाचला. माफीबिफी मागितली नाही.

संध्याकाळी घरी येऊन आईला फोन केला. खरं ते सांगितलं. "नाही लावलं नाव, आई. अज्ञात लिहिलंय."

ती म्हणाली, "मग?"

एवढंच. रडली नाही, जाऊ दे म्हणाली नाही.

मग मी संग्रहालयाचं वर्षाचं तिकीट काढलं. दर शनिवारी जाते. भिंतीला हात लावत नाही, आरडाओरडा करत नाही, म्हणून बाहेर काढता येत नाही त्यांना. डावीकडच्या रांगेपाशी थांबते. जो येईल त्याला दोरी दाखवते आणि नाव सांगते. सोनाबाई. पुन्हा म्हणायला लावते. ऑफिसातही आता सगळ्यांना माहीत आहे मी कुणाची कोण ते.

नोकरी गेली तर जाऊ दे. त्या पट्टीवर आईचं नाव लागेपर्यंत मी तिथून हटणार नाही. आणि खाली तर मुळीच बसणार नाही.