चिनी माती आणि शाबूत गोळी

मुलांनो, ती फुटलेली पाटी मला अजूनही स्पष्ट दिसते. नव्वदच्या दशकात जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. एका सकाळी तिथला एक पुढारी छाती धरून आला.

"म्याडम, गोळी झाडली माझ्यावर! जॅकेट होतं म्हणून वाचलो."

शहरातून मागवलेल्या त्याच्या गोळीरोधक जॅकेटातली छातीवरची चिनी मातीची पाटी फुटली होती. पाटीमागच्या अस्तरात गोळी अडकली होती. त्याने एका जीपचालकावर संशय घेतला. प्रचाराला फुकट जीप द्यायला या तरुणाने भर चौकात नकार दिला होता. एका खबऱ्यानेही त्याचंच नाव कळवलं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, तरुणाला अटक झाली.

त्याची आई ठाण्याच्या आवारातून हलेना.

"बोलाया फटकळ हाय, बाई. पर गोळी न्हाई मारायचा."

"मावशी, तुम्ही जेवून या," हवालदार म्हणाले.

"तो जेवला का, ते सांगा मंग."

चौकशीत तरुण एकच सांगे, "मी जीप घेऊन जाफराबादला गेल्तो." सजवून काहीच नाही. मला मात्र गोळी खटकत होती. तिच्या टोकाला साधा चेपही नव्हता.

जॅकेटाच्या पाठीकडे तशीच दुसरी पाटी होती. वरिष्ठांच्या परवानगीने, तज्ज्ञासमोर, गोळीबार मैदानावर आम्ही तिच्यावर तसलीच गोळी झाडली. पाटीला पुढून लहान भोक पडलं, मागून नरसाळ्यासारखं पसरलेलं भगदाड. अस्तरात सापडला तो नुसता शिशाचा चुरा आणि तांब्याचे कपटे.

"ही खास भाजलेली माती पोलादाहून कठीण असते," तज्ज्ञ म्हणाले. "स्वतः फुटते, पण गोळीलाही फोडते. अस्तर उरलेले तुकडे अडवतं."

मी पुढाऱ्याला बोलावलं. "भाऊ, तुमची गोळी शाबूत कशी?"

"चिनी मातीच ती! बशीसारखी फुटली. गोळीला काय होतंय?"

मी चुऱ्याची पुडी उघडली. "मैदानावर झाडलेली गोळी ही. यातली गोळी दाखवा."

त्याने पुडीवर वाकून पाहिलं. मग म्हणाला, "पाटी हातोडीनं फोडली, म्याडम. काडतुसातली गोळी काढून अस्तरात खोसली. संरक्षणाला बंदूकवाला शिपाई सोबत पाहिजे होता. त्याशिवाय वजन पडत न्हाई." खबऱ्याही त्याचाच माणूस निघाला.

न्यायालयाच्या आदेशाने तरुण सुटला.

मी एवढं शिकले, की नाव ओळखीचं असलं की आपण वस्तू नीट पाहत नाही. पुढाऱ्याला चिनी मातीत कपबशी दिसली. त्या पोराला गावात सगळे तोंडाळ म्हणत, आणि तेवढ्यावरच अर्ध्या गावाने त्याला खुनी ठरवून टाकलं होतं.