सानोबर आपाची दोन बोटं

सानोबर आपाच्या उजव्या हाताची दोन बोटं मी मोडली. कुदळीच्या दांड्याने, भर दुपारी, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. इतरांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमच्या ओक्ताम महल्ल्यातली टरबुजं शहराच्या सांडपाण्यावर पिकतात. आपा ते सांडपाणी केंद्रातल्या हौदांत शुद्ध करते. अर्धं रंगाच्या कारखान्याला, अर्धं आमच्या पाटाला. त्या उन्हाळ्यात तिने व्हॉल्व्ह बंद केला, वर त्याचं चाक काढून लपवून ठेवलं. नऊ दिवस पाटात थेंब नाही. वेलांनी माना टाकल्या. माझ्या घरची वर्षाची भाकरी त्या वेलांवर होती.

आम्ही कुदळी घेऊन निघालो आणि फाटक तोडून आत घुसलो.

"चाक दे!" माझा मेहुणा तुर्गुन ओरडला. "सगळं पाणी कारखान्याला विकतेस होय गं?"

"त्यांचंही बंद केलंय, मुडद्यांनो! कुणीतरी गटारात विष सोडलंय. पाणी साफ करणारा हौदातला जिवंत गाळ मेलाय. एरवी ओल्या मातीचा वास येतो त्याला. हुंगून बघा, येतोय का?"

"गाळ मरतो म्हणे!" सगळे हसले. मीही हसलो.

तुर्गुनने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि माझं डोकं फिरलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी चाकाचा पत्ता तिने सांगितला नाही.

मग तुर्गुनने घण घालून पाइपच फोडला. पाणी उसळून पाटात धावलं. रक्तबंबाळ बाईला तिथेच टाकून आम्ही नाचत त्याच्यामागे पळालो.

पाटावरचं पहिलं शेत माझं. त्याच्या पलीकडच्या टोकाला आपा आडवाटेने आमच्या आधी पोचली होती. डाव्या हाताने चिखल ओढून तिने पाट बुजवला आणि त्यावर आडवी पडली. तुर्गुनने बरगड्यांत लाथा घातल्या. ती हलली नाही. पाणी तुंबलं आणि सगळं माझ्याच शेतात शिरलं.

"राहू दे रे," मी तुर्गुनला म्हणालो, "आधी माझं भिजू दे."

तिसऱ्या दिवशी माझे वेल काळे पडले. फक्त माझे. पुढच्या छत्तीस शेतांतला एकही जळला नाही.

आता पाणी पुन्हा चांगलं येतं. पण आपाची मूठ वळत नाही, चाक तिला फिरवता येत नाही. म्हणून रोज सकाळी कुदळ फाटकाबाहेर ठेवून मी आत जातो. ती आधी गाळ हुंगते, मग माझ्याकडे न बघता म्हणते, "आली का माझी दोन बोटं? फिरव."

मी फिरवतो.