‘रिग्रेट’चा अर्थ

एका इंग्रजी क्रियापदाविषयी मी लिहावं, हे धाडसच आहे. इंग्रजीची आणि माझी ओळख पाचवीत झाली, आणि अजूनही मी तिच्यासमोर उभाच असतो, बसायचं धाडस होत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. भाषेच्या जाणकारांनी माझं चुकेल ते पोटात घालावं. पण ‘रिग्रेट’ हा शब्द मी ज्या रीतीने शिकलो, ती दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात मी सांगलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होतो. मामा हळदीच्या पेठेत हमाली करायचा, त्याच्याच खोलीत राहायचो. वह्या, अंथरूण, शर्टाची कॉलर, सगळ्यावर पिवळी धूळ असायची. घर लोणंदजवळच्या गावात. थोरला भाऊ फौजेत होता, वहिनी गावी आई-आबांपाशी. लढाई सुरू होऊन संपलीही, पण त्याचं पत्र आलं नव्हतं.

एका दुपारी माझे वडील, म्हणजे आबा, खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत येऊन त्यांनी फेटा उतरवला आणि घडीतून एक तार काढली.

“कुणाला दावली न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्या आईलाबी न्हाई. तार दिसली की बाया रडाय लागत्यात. तू वाच.”

तुमचा मुलगा बेपत्ता आहे, एवढं मला कळलं. पण ते कळवण्याआधी ‘रिग्रेट’ होतं. मी खिशातला छोटा कोश उघडला. खेद वाटणे. पश्चात्ताप होणे.

“सरकारला पश्चात्ताप कशापायी?” आबा म्हणाले. “त्येनी काय केलंय त्याला?”

मी कोशातल्या त्याच ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मामा कोपऱ्यातून म्हणाला, “दोन वरसं घोकतोय आन् एका शब्दाला अडला व्हय रं? त्यापरीस माझं काम बरं. पोतं पाठीवर घेतलं की वजन कळतंय.”

आबा हसले नाहीत. “हाय का न्हाई, येवढंच सांग.”

“बेपत्ता म्हंजी अजून गावला न्हाई,” मी म्हणालो. “गेला असं न्हाई लिवलेलं.”

आबांनी घडी घालून तार पुन्हा फेट्यात ठेवली. घरी एवढंच सांगायचं ठरलं, की शोध चाललाय. फौजेच्या कचेरीला मी इंग्रजीत अर्ज केला. गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून उत्तरासाठी पत्ता सांगलीचा दिला.

तो शब्द मात्र डोक्यातून जाईना. शेवटी धीर करून मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी ग्रंथालयातला जाडजूड कोश उघडला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिथे त्याचा जुना अर्थ होता मेलेल्या माणसासाठी मोठ्याने रडणं. त्याच्याही मागे उत्तरेकडच्या लोकांचा रडण्याचा एखादा शब्द असावा, पण यावर विद्वानांचं एकमत नाही. खेद, पश्चात्ताप, कचेरीतली दिलगिरी, हे सगळं नंतरचं. “वापरून वापरून शब्द सुकतात,” सर म्हणाले आणि कोश मिटला.

म्हणजे आमच्या गावातल्या बाया दारात बसून जे करतात, तेच हा शब्द मुळात करत होता. मी हे आबांना कळवलं नाही. माझ्या छोट्या कोशात त्या शब्दाच्या पानाला मात्र खूण घालून ठेवली.

दीड महिन्याने कचेरीचं उत्तर आलं. उशिराबद्दल रिग्रेट, असं पहिल्याच ओळीत होतं. पुढे लिहिलं होतं, की भाऊ सापडला आहे, फौजी दवाखान्यात आहे. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. उजव्या हाताला जखम असल्याने त्याला लिहिता येत नाही. जिवाला धोका नाही.

मी तेव्हाच कार्ड लिहिलं. “दादा जिवंत आहे” हे पहिलं वाक्य. कार्ड कोशात खुणेच्या जागी ठेवलं आणि पळत सुटलो. टपालपेटीपाशी पोस्टमन पत्रं पिशवीत भरत होता. मी घाईने कार्ड ओढलं, तर त्याचा कोपरा कोशाच्या शिवणीत अडकून राहिला.

आमच्याकडे मरण कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचून त्याचे तुकडे करतात. हे मला ठाऊक होतं. कोपरा फाटलेला मी पाहिला. नवं कार्ड आणून लिहायचं तर डाक एक दिवस चुकणार होती. वाचल्यावर कळेलच, असं म्हणून मी ते पोस्टमनच्या हातात दिलं.

नवव्या दिवशी शेजारचे काका गावाहून आले. “कपडे घे,” म्हणाले, “घरी जायचंय. आई जरा आजारी हाय.”

“दादाचं कळलं न्हवं? कार्ड पोचलं का?”

ते मामाच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. “पोचलं. तुझ्या आबानं दारातच फाडलं.”

“वाचलं न्हाई?”

“कोपरा न्हवता, पोरा. तार आल्याचं आबाला ठावं हुतं. म्हनला, आता वाचायचं काय राह्यलंय. तुझ्या वैनीच्या बांगड्या फोडल्या. आईनं तवापास्नं अन्नाला हात लावला न्हाई. आधीच दम्यानं खंगलेली.”

मी कचेरीचं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली.

“मंग त्यो हाय?”

“हाय. दवाखान्यात हाय.”

काकांनी पत्राची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा उघडून घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी आई काल सकाळीच गेली.”