इंटरकूलरपुढचा पुठ्ठा

तेलकट पाण्याचा वास आला की मला रामाकोना गावाजवळची ती धुक्याची सकाळ आठवते. भागीदाराचा आणि माझा मिळून एकच ट्रक होता आणि आम्ही सौंसरकडच्या बागांतली संत्री घेऊन नागपूरला निघालो होतो. लिलावाआधी पोचलो नसतो तर माल पडेल भावाने गेला असता. चढावर गाडी खोकली, पांढरा धूर सोडून बंद पडली. जवळच्या मिस्त्रीने इंजिनात हवा कोंबणारा महागडा टर्बोच बदलायला सांगितला, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. भागीदार हसत म्हणाला, "भांडून काय राहिला बे? टर्बो चांगला हाय, गाडी पानी पिऊन राहिली." त्याने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, खालचा पाइप सैल केला आणि थंडीने आत साचलेलं तेलकट पाणी त्याच्या पायांवर सांडलं. मग गार वारा कमी लागावा म्हणून त्याने संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा इंटरकूलरपुढे अर्ध्यावर बांधला. "ऊन चढलं की काढजो, नाहीतर इंजन तापंल तुह्या डोक्यावानी." लिलाव आम्ही गाठला. पण पुढच्याच हंगामात त्याने मला न विचारता स्वतःचा ट्रक घेतला. वेगळं व्हायचं तर व्हावं, पण एका शब्दाने सांगायचं तरी होतं! तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. परवा भर दुपारी त्याचा ट्रक समोरून आला, पुढे पुठ्ठा तसाच बांधलेला. मी हॉर्न दाबून ओरडलो, "पुठ्ठा काढ ना बे!" तोवर तो निघून गेला होता, आणि मी कितीतरी वेळ आरशात बघत राहिलो, तो थांबतो का म्हणून.